ससाण्याला किती गुण?

टेबलावर षट्कोनी घरांचा नकाशा अंथरलेला, त्यावर काडीच्या टोकाला टेकवलेली बोटभर लांबीची विमानं, आणि प्रत्येक विमानाचं एक कार्ड: वेग, वळण, चढण, मारा. युद्धाच्या या खेळात जे विमान खरोखर लढलं, त्याला गुण देणं अवघड नाही. वैमानिकांचे अहवाल असतात, पाडलेल्या विमानांची मोजदाद असते. पण पोलंडच्या पीझेडएल 50चं काय करायचं? नाव 'यास्त्शोंब', म्हणजे ससाणा. व्सेवोवोद याकिमियुकने आखलेलं हे विमान फेब्रुवारी 1939मध्ये पहिल्यांदा उडालं आणि सप्टेंबरात जर्मनी चालून आली तेव्हा चाचण्यांतूनही पुरतं बाहेर पडलं नव्हतं. कागदावर वेग ताशी 500 किलोमीटर; हवेत ते त्याच्या बरंच मागे राहिलं. खेळ रचणाऱ्याला मोह होतो तो कागदावरचा आकडा उचलण्याचा. त्याने तो उचलू नये, असं माझं मत आहे. आणि ते इतिहासाच्या सोवळ्यापायी नाही, खेळाच्याच भल्यासाठी.

मोह समजण्यासारखा आहे. पोलिश अभियंता पुवाव्स्कीने शोधलेला तो पंख, धडापाशी निमुळता होत खाली मुडपलेला, की वैमानिकाची नजर कुठे अडू नये! 1930च्या सुमारास या पंखाच्या पोलिश विमानांच्या तोडीची लढाऊ विमानं जगात थोडीच होती. पण त्याच वंशातलं पी 11 सी 1939मध्येही उघड्या कॉकपिटचं आणि चाकं पोटात न घेणारंच राहिलं. त्याचा वेग ताशी 375च्या आसपास, समोरचं मेसरश्मिट 109 ई 550च्या पुढचं. तरीही त्यावरून पोलिश वैमानिकांनी जर्मन विमानं पाडली. आणखी बोचणारी गोष्ट म्हणजे याच घराण्यातलं अधिक वेगवान पी 24 ग्रीस-तुर्कस्तानला विकलं गेलं. हे वाचलेल्या माणसाला ससाणा चांगलाच निघावा असं वाटणारच. पण हळहळीने अश्वशक्ती वाढत नाही. जड धातूच्या अंगाला मर्क्युरी इंजिनाची 840 अश्वशक्ती पुरेना, दुखणं तिथे होतं.

यावर कुणी म्हणेल, पहिल्या नमुन्यावरून विमान तोलणं म्हणजे कैरी चाखून आंब्याला नावं ठेवणं. मुद्दा बिनतोड वाटतो. खुद्द मेसरश्मिट 109चा पहिला नमुना 1935मध्ये उडाला तो ब्रिटिश रोल्स-रॉइस इंजिनावर. तेव्हाचे आकडे आज त्याच्या कार्डावर कुणी छापत नाही. पण त्याला पुढे चार वर्षं मिळाली, वर स्पेनमधल्या युद्धाची तालीम. ससाण्याला मिळाले सात महिने. अधिक ताकदीच्या फ्रेंच नोम-रोन इंजिनासाठी दुसरा नमुना बांधायला घेतला होता, तो पुरा झाला नाही. म्हणजे कार्डावर वेगाचा नाही, वेळेचा रकाना कमी आहे. सुधारलेलं विमान खेळाडूला जरूर द्यावं, पण फुकट नको.

खेळच तर आहे, एवढी घासाघीस कशाला, हा दुसरा आक्षेप. 1824मध्ये प्रशियात राइसवित्झने नकाशावरचं युद्ध अधिकाऱ्यांना शिकवायला मांडलं, 1913मध्ये एच. जी. वेल्सने ते खेळण्यातल्या शिपायांसह घराच्या फरशीवर आणलं. दोन्हीकडे गंमत होती ती एक मिळवताना दुसरं गमावण्यात. पोलंडकडे तर असा पेच आयताच तयार आहे. ससाणा रखडला तेव्हा तात्पुरती सोय म्हणून जुन्या पी 11चंच 'कोबुझ' हे रूप पुढे आलं, आणि त्यातही तेच मर्क्युरी इंजिन. तेव्हा खेळाडूच्या हाती मोजकी इंजिनं द्यावीत आणि विचारावं, कुठे बसवतोस? ससाण्यासाठी ती अडवून ठेवणाऱ्याला सप्टेंबरात उडायला फार थोडं उरेल. कोबुझ निवडणाऱ्याकडे हळू, पण ओळखीची विमानं असतील. आणि पाचशेचा आकडा हवाच असेल, तर खेळाडूने फ्रेंच इंजिन बसून चाचण्या संपेपर्यंत, म्हणजे निदान पुढचं वर्ष उजाडेपर्यंत, पोलंड टिकवून दाखवावा.