केवढ्याला पडली?

वारूळवाडीत द्राक्ष म्हणजे छाटणी, फवारणी आणि भाव. शेजारच्या नारायणगावात १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी वायनरी उभी केली, इथली फसफसणारी वाईन परदेशात गेली. तरी आमच्या घरात वाईन म्हणजे दारूच. मला मात्र गोड खाणाऱ्याला आवडेल अशी वाईन हवी होती, म्हणून पोर्टकडे वळलो.

गोव्याहून मित्र आणतात ती स्वस्त 'पोर्ट' म्हणजे गोड लाल वाईन. मजा येते, पण खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. तिथे रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, फळाची साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून छोटा पेला पुरतो.

नवख्याने रूबीपासून सुरुवात करावी: ताज्या फळाच्या चवीची आणि सहसा सगळ्यात स्वस्त. टॉनी लाकडी पिंपात मुरते, सुक्या मेव्यासारखी लागते, उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर राहते. हळूहळू पिणाऱ्याला तीच परवडते. व्हिंटेज महाग, आणि उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची. ती नंतर कधीतरी.

मी टॉनी घेतली. वडिलांनी घोटभर चाखली, बाटली फिरवून लेबल पाहिलं. "केवढ्याला पडली?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "आणि द्राक्षवाल्याला किलोमागं काय सुटलं?"

पिंपात किती वर्षं मुरली, ते लेबलवर होतं. हे नव्हतं.