कान पुण्यात

डॉक म्हणजे गोदी, हे देवगडात कुणाला सांगावे लागत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या माजघरातल्या टेबलावर जो डॉक आला तो वीतभर लांबीचा, काळा आणि नुसता भोकाभोकांचा! ताई पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करते. होडी धक्क्याला लागावी तसा तिचा लॅपटॉप सकाळी या डॉकला लागतो. एका वायरने वीज, कीबोर्ड, मोठा पडदा, सारे जोडले जाते.

टेबल एक, पण त्याचे धनी दोन. दिवसभर ताईच्या मीटिंगा चालतात. त्यांना हेडफोन लागतो. संध्याकाळी टेबल आजीचे. आजीला आता फारसे दिसत नाही, ऐकूही कमीच येते. पण दशावतारावाचून तिला चैन पडत नाही. वालावलकर असोत की मोचेमाडकर, मृदंग घुमला पाहिजे, म्हणून दोन स्पीकर आणले. पहिल्याच संध्याकाळी संकासुर नाचू लागला आणि घरात शुकशुकाट!

"गो बाय, आवाज खंय गेलो?"

आवाज पडद्यात गेला होता. त्या पडद्याला स्पीकरच नाहीत, पण एचडीएमआयच्या तारेने जोडला की लॅपटॉप त्यालाही बोलका समजतो. शिवाय डॉकच्या पोटात आवाजाची आपली वेगळी यंत्रणा, लॅपटॉपची आणखी निराळी. दरवाजे तीन, आणि पाहुणा भलत्याच दारी गेलेला.

मग मी पिना निरखून पाहिल्या. स्पीकरच्या पिनेवर दोन काळी कडी, ताईच्या हेडफोनच्या पिनेवर तीन. जास्तीचे कडे माइकसाठी. माइक चालवणारे भोक लॅपटॉपच्या कुशीत होते, तेव्हा हेडफोन तिथे लावला आणि स्पीकर डॉकच्या मागे. खाली उजव्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावरून आवाज डॉककडे वळवला. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये मात्र हेडफोन कायमचा नेमून टाकला. तेव्हापासून टेबलाखाली शिरून तारा उपसणे बंद झाले.

एवढ्याने आजीची तक्रार मिटली असे नाही. ताई हेडफोन लावून बसली की आजी चार हाका मारते, पाचवी मारत नाही. "चेडू घरात असा, पण कान पुण्यात," असे म्हणून ती पडवीत जाऊन बसते. तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली जपानात निघाला, त्याला हेडफोनची दोन भोके होती! शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबले की गाणे हळू होई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. पुढच्या यंत्रांतून हे बटण का गेले कोण जाणे. आमच्या घरी ते फार उपयोगी पडले असते.

परवा ताईची मीटिंग लवकर आटपली. तिने हेडफोन काढला आणि सहज आजीच्या डोक्यावर चढवला. मी कर्ण्याच्या चित्रावरून आवाज तिकडे वळवला. आजी दचकली, मग जागच्या जागी ताठ झाली.

"अगो, मृदंग माझ्या डोक्यात वाजता हा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या.

पाने वाढली गेली. "आजी, जेवूक चल," ताईने हाक मारली. पुन्हा मारली. आजी डोळे मिटून मांडीवर ताल धरत होती.