पाहुणी ब्राझीलची, दिवाळी बोरिवलीची

परदेशगमनाचा योग माझ्या पत्रिकेत नाही. बोरिवलीहून सकाळची चर्चगेट गाडी चौतीस वर्षे पकडली, हाच काय तो माझा प्रवास. तेव्हा दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहिण्याची पाळी माझ्यावर कधी येईल असे वाटले नव्हते. पण झाले असे, की ऑगस्ट २०२३ मध्ये आमची नात ब्राझीलला गेली आणि त्याच महिन्यात ब्राझील आमच्या घरी राहायला आला.

रोटरीची एक योजना आहे. पंधरा ते एकोणीस वर्षांची मुले एक शालेय वर्ष परदेशात काढतात, तिथल्या शाळेत जातात आणि पाळीपाळीने दोन-तीन कुटुंबांत राहतात. यजमानांनी पैसे घ्यायचे नाहीत. आपले मूल दुसऱ्याच्या घरी आणि दुसऱ्याचे आपल्या घरी, असा व्यवहार. चिरंजीवांनी हा बेत सांगितला तेव्हा सौ.ने पहिला प्रश्न विचारला, "आणि अकरावीचे वर्ष?" वर्ष जाणार, हे उत्तर ऐकल्यावर दोन दिवस घरात बोलणेच बंद होते. तिसऱ्या दिवशी नातच आजीच्या मांडीवर डोके ठेवून पडली, आणि पुढे काय झाले ते सांगायला नको. आज्यांचा विरोध तेवढाच टिकतो.

या मुलांना चार नियम फार कडक असतात. इंग्रजीत त्यांना चार 'ड' म्हणतात: ड्रिंकिंग, ड्रायव्हिंग, डेटिंग आणि ड्रग्ज, चारही वर्ज्य. आमच्या पाहुणीने पहिल्याच रात्री दोन पोळ्यांवर हात धुतलेले पाहून सौ.ने पाचवा 'ड' जाहीर केला. "आमच्याकडे डाएटिंगही चालत नाही म्हणावं!"

पाहुणी मीनास जेराईस या राज्यातली, सोळा वर्षांची, उंच. अंगात निळा कोट आणि त्यावर इतके बिल्ले, की चालताना वाजत असे. देशोदेशींची मुले भेटली की बिल्ल्यांची अदलाबदल करतात म्हणे. इंग्रजी तिचे बेताचे आणि सौ.चे त्याहून बेताचे. पहिला आठवडा हातवाऱ्यांवर निभावला. मग एके सकाळी सौ. भाजी चिरता चिरता सुनेला म्हणाली, "बटाटे संपलेत." पाहुणी एकदम उभी राहिली. "बताता?" टोपलीत उरलेला एकुलता एक बटाटा तिने उचलून दाखवला. "बताता!"

वास्तविक यात नवल नव्हते. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, आणि आपल्या मराठीत पोर्तुगिजांनी टाकून गेलेले शब्द पावलोपावली आहेत. परंतु पुस्तकात वाचणे निराळे आणि स्वयंपाकघरात सापडणे निराळे. त्या दिवसापासून दोघींचा शोधच सुरू झाला. चावीला ती 'शावी' म्हणे, पावाला 'पाउं', फितीला 'फिता'. 'पगार' हा तिच्या भाषेत पैसे चुकते करण्याचा शब्द निघाला. काजूकतलीचे नाव ऐकून ती हसली, कारण काजू मूळचा तिच्याच देशाचा, तिकडच्या आदिवासींच्या भाषेतून नाव घेऊन पोर्तुगीज जहाजांनी इकडे आलेला. फक्त पेरूने घोटाळा केला. "जेवण झाल्यावर पेरू खा हं," असे सौ. म्हणाली, तेव्हा मुलगी घाबरी झाली. तिच्या भाषेत पेरू म्हणजे टर्की कोंबडा! शाकाहारी घरात जेवणानंतर अख्खा पक्षी कुठून निघणार याचा तिला उलगडा होईना.

दिवाळी आली. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. त्याआधीचे आठ दिवस तिने सुनेबरोबर चकल्या पाडल्या, करंज्यांना कातण फिरवले, दारात रांगोळीचे ठिपके मोजून काढले. सोसायटीतल्या बायका तिला पाहायला येत, आणि ती प्रत्येकीला वाकून नमस्कार करी. लिफ्टवाल्यालासुद्धा एकदा केला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र ती लवकर खोलीत गेली आणि दार लावून घेतले. बाहेर फटाक्यांचा कडकडाट चालला होता. आवाजाला भ्याली असेल, असे आम्ही समजलो. सकाळी डोळे सुजलेले दिसले, तेही धुरावर ढकलले. म्हाताऱ्या माणसांना सगळे कळते असा आमचा समज असतो.

भाऊबीज उलटल्यावर मी तिला कान्हेरीला नेले. आमच्या बोरिवलीत कोणी आले की आम्ही त्याला राष्ट्रीय उद्यानात नेतो. मुंबईत दुसरे काय दाखवायचे ते आम्हांला माहीत नसते. शंभराहून अधिक लेणी, त्यांतल्या भिक्षूंच्या दगडी ओट्या आणि पाण्याच्या पोढी तिने मन लावून पाहिल्या. तिला सर्वांत आवडली ती नव्वद क्रमांकाच्या लेण्याची गोष्ट. तिथे पहलवी लिपीत काही पारशी प्रवाशांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ या सालांची. "म्हणजे तेही पाहुणेच," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिली.

डिसेंबरात आपल्याकडे 'नाताळची सुट्टी' हा शब्द सुरू होतो. तो तिने शाळेत ऐकला आणि धावत घरी आली. "आजी, नाताउ!" तिच्या भाषेतही नाताळच. आपण तो शब्द उच्चारताना तो कुठून आला याचा विचारही करीत नाही. तिला मात्र घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

म्हणून २४ तारखेला मी तिला आय. सी. कॉलनीत न्यायचे ठरवले. संध्याकाळी आधी मंडपेश्वरची लेणी दाखवली. आठव्या शतकातले हे शंकराचे लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी त्याचे चर्च केले आणि माथ्यावर इमारत बांधली. मराठ्यांनी साष्टी जिंकल्यानंतर ती ओस पडली. आज खाली पिंडीवर बेल वाहिलेला असतो, एका भिंतीवर दगडात कोरलेला क्रूस तसाच आहे आणि वर पडक्या भिंती आकाशाकडे पाहत उभ्या आहेत. मी जरा संकोचाने तो इतिहास सांगत होतो. पाहुणी म्हणाली, "आम्हांला शाळेत शिकवतात, काब्राल १५०० साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तो निघाला होता तुमच्याकडे." खरेच आहे. तोच काब्राल पुढे त्याच वर्षी कालिकतला पोचला. "तेव्हा मी जरा उशिरा आले," ती म्हणाली.

कॉलनीत घरोघर कागदी चांदण्या लागल्या होत्या. ज्या गॅलऱ्यांत महिन्यापूर्वी आकाशकंदील पाहिले, तशाच गॅलऱ्यांत आता चांदण्या. दारादारांत गव्हाणीचे देखावे होते. माझे एक जुने सहप्रवासी तिथे राहतात, ईस्ट इंडियन. या मंडळींची घरातली बोली मराठी; ते नाव त्यांनी १८८७ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतले. वहिनींनी फराळाचे ताट पुढे केले. त्यात कलकल होते आणि होत्या नेवऱ्या. पाहुणीने एक नेवरी उचलली, निरखून पाहिली आणि मला म्हणाली, "आजोबा, ही करंजी आहे." वहिनी हसून म्हणाल्या, "अगो, तुमची करंजी, आमची नेवरी, सारण एकच." चर्चमधला मिस्सा तिने डोळे मिटून ऐकला. मी मागे खुर्चीवर बसून राहिलो.

घरी यायला एक वाजला. पाहतो तो सौ. फोन कानाला लावून उभी. ब्राझीलमध्ये तेव्हा दुपारचे साडेचार. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळ्याची सुट्टी. यजमानांचे सगळे गणगोत मध्यरात्रीच्या जेवणासाठी जमत होते, भराभर बोलत होते, आणि आमच्या नातीला त्या गर्दीत एकटे वाटून रडू कोसळले होते. तोपर्यंतच्या तिच्या बातम्या कशा आनंदाच्या: रोज भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, म्हणजे आपला वरणभातच, आटवलेले दूध, कोको आणि लोणी यांचे 'ब्रिगादेइरो' नावाचे लाडू, दिवाळीला तेच वळून तिने सर्वांना वाटले. आज मात्र एकच, "आजी, मला घरी यायचंय."

सौ.चा चेहरा मी पाहिला. 'ये' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिकिटाचे काय, योजनेचे काय, गेलेल्या वर्षाचे काय, तिला कशाचेही सोयरसुतक नव्हते. एवढ्यात पाहुणीने हात पुढे केला आणि फोन मागून घेतला. वीस मिनिटे ती पोर्तुगीजमध्ये बोलली. मधून तिचाही आवाज भरून येई. मला 'आजी', 'करंजी' आणि 'बताता' एवढेच समजले. शेवटी दोघी हसल्या, हे मात्र पलीकडूनही ऐकू आले.

फोन ठेवल्यावर ती सौ.जवळ बसली आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, तिला 'ये' म्हणू नका. दिवाळीच्या रात्री मी आईला फोन केला होता. आईने 'ये' म्हटलं असतं तर मी गेले असते. ती म्हणाली नाही. मला फार राग आला होता."

सौ. काही बोलली नाही. उठली आणि दूध तापवायला ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने नातीला फोन केला तो पुरणपोळीची कृती सांगण्यासाठी, चण्याची डाळ तिकडे मिळते की नाही याची चौकशी न करताच.

जानेवारीत पाहुणी दुसऱ्या कुटुंबात गेली, मुलुंडला. बोरिवलीहून मुलुंड म्हणजे दादरला गाडी बदला, पूल चढा, पण सौ. महिन्यातून दोनदा डबा घेऊन जात असे, आणि गुडघेदुखीचे नाव काढत नसे.

जुलै २०२४ मध्ये नात परत आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने कुकरला काळा घेवडा लावला आणि पहिली वाटी आजीपुढे ठेवली. सौ.ने चव घेतली, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बरं झालंय. गूळ घालत नाहीत का गं ते?"