विमान टेकलं, पण उतरलं का?

विमानाची चाकं जमिनीला टेकली की आपल्याला वाटतं, चला, पोचलो! छोट्या शेपूटचाकी विमानात मात्र खरी परीक्षा तिथून पुढे असते.

१९८० च्या सुमारास मी उडायला शिकलो ते 'पुष्पक' विमान याच जातीचं. बंगलोरला तयार झालेलं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, दोघांपुरतं. इंजिन ९० अश्वशक्तीचं. (हल्लीच्या कित्येक मोटारी याहून ताकदवान असतात बरं का!) दोन मोठी चाकं पुढे आणि एक चिमुकलं शेपटीखाली.

गंमत इथेच आहे. खेळण्यातली गाडी दोरीने ओढा, सरळ मागे येते. तीच मागून काठीने ढकलून बघा. जरा तिरकी झाली की वळलीच! पुष्पकचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. नाक थोडं वळलं की मागचं वजन पुढे धावू बघतं, शेपटी बाहेर फेकली जाते आणि विमान जमिनीवरच गिरकी घेतं. वैमानिक याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. तिसरं चाक नाकाखाली असलं, तर विमान उलट आपणहून सरळ होऊ बघतं.

तुम्ही म्हणाल, सुकाणू आहे ना? आहे, पण त्याला जोराची हवा लागते. वेग उतरला की ते लुळं पडतं.

आमच्या तुकडीतला एक मुलगा असाच सुरेख टेकला. आम्ही 'वा!' म्हणतोय तोच डावीकडून आलेला वारा शेपटीवर आदळला. नाक डावीकडे वळलं, उजवा पंख जमिनीला घासला, चाकाचा दांडा मोडला. तो धडधाकट बाहेर आला. शिक्षकांनी आधी विचारलं, "लागलं नाही ना?" मग एवढंच, "पाय झोपले होते का रे?" सुकाणू पायांनी चालवतात ना!

क्लबकडे विमानं दोनच. सगळ्यांचे धडे रखडले. त्याच्याशी कुणी धड बोलेना. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तो वारा आमच्यापैकी कुणालाही गाठू शकला असता.

विमान दुरुस्त होऊन आलं, तेव्हा शिक्षकांनी पहिली पाळी त्यालाच दिली. आम्ही कुंपणाशी उभे. या वेळी चाकांकडे कुणी बघतच नव्हतं. सुकाणू माशाच्या शेपटीसारखं डावीउजवीकडे हलत होतं. चाकं टेकली तरी हलत होतं, अगदी विमान थांबेपर्यंत.