ताईबरोबर सायकलवर : शुगर असताना लांबचा प्रवास

कशेळ्याच्या माझ्या दवाखान्यात येणारे शुगरचे पेशंट एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, सायकल चालवली तर चालेल का? मध्येच चक्कर आली तर?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर माझ्या सख्ख्या बहिणीच्या उदाहरणावरून देतो, अर्थात तिला विचारूनच.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, वय ५४, राहते कर्जतला. तिला आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. वडिलांनाही होता. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते. म्हणून ताईचं निदान झाल्यापासून मी दरवर्षी स्वतःची शुगर तपासतो. तुमच्या भावाला किंवा बहिणीला शुगर निघाली असेल तर तुम्हीही तपासून घ्या. त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ तुम्हाला ठाऊक असतील. २०१५ साली दोघांच्या संघाने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक जण सायकल चालवायचा, तेव्हा दुसरा विश्रांती घ्यायचा. त्यांची गोष्ट वाचून ताई म्हणाली, "अमेरिका राहू दे, आपण रत्नागिरीपर्यंत तरी जाऊ."

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी तिच्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या : तीन महिन्यांची सरासरी शुगर, किडनी, डोळ्यांचे पडदे, ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट, पायांची संवेदना. पायाला काटा टोचलेला कळत नसेल तर जखमही कळत नाही, म्हणून ही शेवटची तपासणी फार महत्त्वाची. मग तीन महिने दर रविवारी ती कर्जतहून सायकलने कशेळ्याला यायची आणि आम्ही खांडसच्या रस्त्याला लागायचो. अंतर हळूहळू वाढवलं.

डिसेंबरात निघालो. खोपोलीवरून पाली, मग माणगाव, हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याची फेरीबोट, पुढे केळशी-आंजर्ले, दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे आणि रत्नागिरी. सात दिवस, रोज जास्तीत जास्त ७० किलोमीटर. वेग ताईचा. दोघांत जो हळू त्याने पुढे राहायचं, हा नियम.

आता थोडं शरीराबद्दल. पायाचे स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना नेहमीइतकं इन्सुलिन लागत नाही. म्हणून व्यायामाने शुगर उतरते. हा परिणाम सायकल ठेवल्यावरही काही तास टिकतो, कधी रात्रीपर्यंत. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर धोकादायक खाली जाणं विरळ. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सावध राहायला हवं. ताईला दोन्ही गोळ्या होत्या. तिच्या डॉक्टरांनी प्रवासासाठी ग्लिमेपिराइड निम्मी केली होती.

तिसऱ्या दिवशी माणगावहून म्हसळ्याकडे जाताना घोणशाचा घाट लागतो. सकाळी पोट जड वाटतं म्हणून ताईने अर्धी भाकरी पानात ठेवली होती. चढावर ती थांबली आणि माझ्यावर ओरडली, "तूच जा पुढे, मला नाही यायचं!" आमची भांडणं लहानपणापासूनची, तिचा राग मला पाठ आहे. ती रागावली की मुद्देसूद बोलते. इथे शब्द अडखळत होते, कपाळावर गार घाम होता आणि हात थरथरत होते. मी तिला सावलीत बसवून बोटाला सुई टोचली. मीटरवर ५८. ७० च्या खाली म्हणजे शुगर कमी झाली.

जवळच्या पाण्यात चार छोटे चमचे साखर घालून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८४. मग केळं आणि बिस्किटं. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, शुगर पुन्हा घसरू शकते, म्हणून तासभर तिथेच थांबलो आणि पुढचं अंतर टेम्पोतून गेलो. ताई चिडली होती, या वेळी मात्र अगदी मुद्देसूद! संध्याकाळी तिच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उरलेल्या दिवसांसाठी ती गोळी बंदच केली. पुढचे चार दिवस मीटर ठरलेल्या वेळी निघत होता आणि ताई भाकरी संपवत होती.

तुम्हीही कोणाबरोबर निघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा :

१. गोळ्या किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. डॉक्टरांना रोजचं अंतर सांगून विचारा.

२. निघण्यापूर्वी, वाटेत आणि झोपण्यापूर्वी शुगर तपासा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि शुगर ९० च्या खाली असेल, तर आधी काहीतरी खा, मगच सायकलवर बसा.

३. साखर किंवा ग्लुकोज पावडर खिशात ठेवा, मागच्या पिशवीच्या तळाशी नको. अशा वेळी चॉकलेट किंवा पेढा उपयोगाचा नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

४. रोज संध्याकाळी पावलं आणि बोटांच्या बेचक्या बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा वापरा.

५. तहान लागेल तसं पाणी प्या. दिवसभर घाम गाळून नुसतंच पाणी ढोसल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. सोबत जेवणातलं मीठ पोटात जाऊ द्या.

आणि सोबत्याला शुगर उतरल्याची लक्षणं आधीच सांगून ठेवा : घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, विनाकारण चिडचिड. त्या क्षणी आपल्याला काय होतंय हे आपल्याला स्वतःला कळेलच असं नाही. मेंदूलाच साखर कमी पडलेली असते. म्हणून आपला नेहमीचा राग कसा असतो, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस बरोबर असावा. भाऊ-बहीण त्यासाठी उत्तम.

ताईच्या पुढच्या तपासणीत सरासरी शुगर थोडी सुधारली होती. ते श्रेय सात दिवसांचं कमी आणि त्याआधीच्या रविवारांचं जास्त. तुमची सुरुवातही अशाच एखाद्या रविवारपासून होऊ द्या.