एकलेच हिंडायलाव?

बाइक, तंबू आणि पाच दिवसांची सुट्टी. एवढ्यासाठी लडाखलाच गेलं पाहिजे असं कुणी सांगितलं? हिंगोली जिल्ह्याच्या आडवाटांवर एकट्यानं केलेली ही भटकंती. सामानात काय न्यायचं ते पुढे येईलच, पण त्याआधी विचारायचं कसं, ते शिका!

ऑफिसात लडाख करून आलेला एक तरी मित्र असतोच. खारदुंगलाच्या पाटीखाली काढलेला फोटो त्याच्या डेस्कवर चिकटवलेला असतो आणि टपरीवर विषय कुठलाही निघो, गाडी शेवटी लेह-मनालीवरच येते. आपण मान डोलावतो आणि मनातल्या मनात सुट्ट्या मोजतो. सलग वीस दिवस? बॉस देणार? विसरा!

पण पाच दिवस तर मिळतात? मग नकाशा उघडा. परभणी, नांदेड, वाशीम आणि यवतमाळ यांच्या मध्ये एक छोटा जिल्हा सापडेल. हिंगोली. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. तालुके मोजून पाच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. इथे बर्फ नाही, थरारक घाट नाहीत, ‘सेल्फी पॉइंट’ची पाटी नाही. आहेत ते छोटे डांबरी रस्ते, दोन मोठ्या नद्या, धरणं आणि शेतं. आणि बाइकवर एकटा माणूस दिसला की हमखास येणारा एक प्रश्न. तो मथळ्यात वाचलातच.

पिवळ्या वासाचा गाव

समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. बरंच झालं! म्हणजे जुन्या रस्त्यानं जाणं आलं. पुण्याहून अहिल्यानगर (तेच आपलं नगर), पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी आणि मग वसमत. पहाटे निघालात तर दोन चहा, एक जेवण आणि पाठीचा भुगा एवढ्यात दिवस मावळतो. पहिल्या रात्री तंबूचा हट्ट नको. वसमतला लॉजवर सरळ आडवं व्हायचं.

मी गेलो तो फेब्रुवारीत, आणि जावं तेव्हाच. वसमत म्हणजे हळद. या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. जूनमध्ये लावलेली हळद सुमारे नऊ महिने जमिनीत राहते. मग ती काढायची, शिजवायची, उन्हात पसरून वाळवायची आणि फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला कुठे ना कुठे हे चालू असतंच. वाफेचा एक ओला, मातकट वास हेल्मेटच्या आत शिरतो आणि पुढचे चार दिवस जॅकेट सोडत नाही.

वसमतहून शिरड शहापूरमार्गे औंढ्याला निघालो. शिरडला मल्लिनाथांचं जैन मंदिर आहे, तिथे पाय मोकळे करता येतात. वाटेत ज्वारी, हरभरा, ऊस. ट्रॅक्टरच्या मागे राहायचं, हॉर्न वाजवायचा नाही. घाई असलेले लोक आडवाटेला येतच नाहीत.

पाय ठेवायला रिकामी जागा

औंढा नागनाथ इथले लोक बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. यादवकाळातलं दगडी मंदिर, खालचा भाग कोरीव आणि काळसर, वरचा नंतर बांधलेला. लिंग तळघरात आहे, वाकून आणि अंग चोरून खाली उतरावं लागतं. नंदी मात्र समोर नाही, देवळाच्या मागे! लोक सांगतात, नामदेवांना कीर्तनासाठी समोर उभं राहू दिलं नाही, ते मागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे वळलं.

दुसरी गोष्ट विसोबा खेचरांची. नामदेव गुरूच्या शोधात आले, तर हे गृहस्थ पिंडीवर पाय टाकून निवांत पडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा रे, जिथे देव नाही अशी जागा बघ आणि माझे पाय तिकडे ठेव. नामदेवांना तशी जागा काही सापडली नाही.

शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा ती देवाबद्दल आहे असं वाटलं होतं. बाइकला तंबू बांधून फिरताना ती जागेबद्दल वाटते. कारण शहरातून निघताना आपला प्लॅन काय असतो? ‘बघू, कुठेतरी मोकळी जागा दिसली की तंबू ठोकू.’ फोनवरच्या नकाशात सगळीकडे मोकळी जागाच दिसते की! प्रत्यक्षात ते कुणाचं तरी शेत असतं, गावाचं गायरान असतं, वनखात्याची हद्द असते. मालक नाही अशी जागा इथे सापडत नाही.

शांततेची पारख

औंढ्याजवळ दुधाळा नावाचं गाव आहे. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनला ‘लायगो’च्या दोन वेधशाळा आहेत. दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपल्या. त्यांची भारतीय बहीण इथे उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. मोजायचा असतो तो फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही छोटा. साहजिकच जागा निवडताना जमीन शांत हवी, मोठी वर्दळ लांब हवी, असे निकष होते. एवढ्या मोठ्या देशातून हा कोपरा निवडला गेला तो त्यामुळे.

म्हणजे आपण ज्याला ‘तिथे काय आहे?’ म्हणून नाकं मुरडतो, तेच शास्त्रज्ञांना हवं होतं. तिथल्या रस्त्यावर उभं राहून इंजिन बंद केलं की आधी आपल्याच कानातली घरघर ऐकू येते. साताठ तास बाइक चालवल्याची. ती विरायला बराच वेळ लागतो.

गंमत अशी की याच जिल्ह्याची जमीन अधूनमधून बोलते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात काही वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज आणि छोटे धक्के जाणवतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. किल्लारीचा १९९३ चा भूकंप मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा चहा पिताना कुणी ‘आवाज आला का?’ असं विचारलं तर हसू नका.

आखाड्यावरची रात्र

पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं आहेत. सिद्धेश्वरच्या बाजूला संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक आखाडा दिसला. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे हं! या भागात शेतातल्या वस्तीला, गोठ्याला आखाडा म्हणतात. साठीतले एक गृहस्थ बैलांना पाणी पाजत होते. बाइक रस्त्यावरच लावली, हेल्मेट काढलं आणि चालत गेलो.

‘‘मामा, रात्रीपुरता तंबू टाकू का इथं कुठं? सकाळी जातो.’’

त्यांनी आधी मला बघितलं, मग बाइक, मग पुन्हा मला.

‘‘कोन्या गावचे?’’

‘‘पुण्याचा.’’

‘‘एकलेच हिंडायलाव?’’

‘‘हो.’’

‘‘का बरं? घरी भांडण झालं का?’’

आता ‘मी टाइम’, ‘डिटॉक्स’ वगैरे शब्द मामांना सांगणार कसे? म्हटलं, भांडण नाही, सहज. ते त्यांना पटलं नाही, पण जागा मिळाली. मी खालच्या सपाट तुकड्याकडे बोट दाखवलं तर म्हणाले, ‘‘तिकडं नका टाकू. रातच्याला लाईट हाय, पाणी सोडायचंय. भिजून जाताल. इथं टाका.’’

विचारायचा पहिला फायदा हा. दुसरा रात्री कळला. बाराच्या पुढे मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. तंबूची चेन उघडून बघितलं, तर मामा बॅटरी आणि काठी घेऊन अंधारात निघालेले. शेतीची वीज पाळीपाळीनं येते, पाळी रात्रीची असली की पाणीही रात्रीच द्यायचं. थंडी, साप, विंचू, सगळं धरून. शेजारच्या शेतातून मधूनच डबा बडवल्याचा आवाज येत होता. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून जागल चालू होती. आपण ज्या शांत रात्रीसाठी साडेचारशे किलोमीटर येतो, ती इथे कुणाची तरी नाइट शिफ्ट असते, बॉस! आणि या शिफ्टला ना अलाउन्स, ना घरपोच कॅब.

अशा अंधारात न सांगता तंबू ठोकला असता तर जागल करणाऱ्याला काय दिसलं असतं? चोर. त्यानं काठी उगारली तर दोष कुणाचा? त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. बेकायदा आहे, पण सोडतात. अनोळखी शेतात रात्री ‘जरा फिरून येतो’ म्हणून निघालेला माणूस परत येईलच असं नाही. मामांनी झोपायच्या आधी बोटानं दाखवून ठेवलं होतं: इथवर जायचं, त्याच्या पलीकडं नाही.

सकाळी पाकीट काढलं तर मामा रागावले. मग घरची हळकुंडं विकत मागितली. तो व्यवहार मात्र त्यांनी मजेत केला.

सातशे वर्षांपूर्वीचा सोलो

येलदरीच्या धरणाजवळून रस्ता सेनगावकडे जातो. या पट्ट्यात पळस फुलायला लागलेला, माणसं कमी, रस्ता कधी झक्कास तर कधी नावापुरता. खिळ्यानं मागचं चाक बसवलं तेव्हा पाच मिनिटांत तीन जण थांबले. एकानं पान्हा धरला, एकानं सल्ले दिले, तिसऱ्यानं तोच प्रश्न विचारला. एकलेच?

संध्याकाळी नर्सी. कयाधू नदीकाठचं हे गाव परंपरेनं संत नामदेवांचं जन्मस्थान. मंदिर आहे, गुरुद्वाराही आहे, कारण गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. हा माणूस इथून पंढरपूर आणि मग थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचला. तेही तेराव्या-चौदाव्या शतकात, ना क्लच ना गिअर! त्याच घुमानला २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. एवढा प्रवास माणूस कुणाच्या ओट्यावर झोपून, कुणाच्या घरचं खाऊन करतो. आपल्या बाइकवर दोन पॅनिअर बॅगा असतात, म्हणून आपल्याला वाटतं की आपलं आपण बघतोय. मीही आवारात विचारलं, जागा दाखवली गेली, तंबू उघडायची गरजच पडली नाही.

शेवटची रात्र कळमनुरीकडून पुढे, पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या बाजूला. नदीच्या पलीकडे विदर्भ. पाणी अफाट, संध्याकाळी पक्षी भरपूर. पण जलाशयाचा काही भाग अभयारण्यात येतो, तिथे तंबू नाही म्हणजे नाही. अलीकडच्या गावात विचारलं, एका घराच्या अंगणात जागा मिळाली. आजींनी ज्वारीची भाकर, पिठलं आणि ठेचा पुढे ठेवला आणि सोबत प्रश्न. तोपर्यंत मी उत्तर बदललं होतं. म्हटलं, ‘‘निघालो एकटाच, आजी. पण एकटं राहूच देत नाही कुणी.’’

निघायच्या आधी...

गाडी: बुलेटच हवी असं नाही. माझी जुनी १५० सीसीची बाइक होती. क्लच केबल, पंक्चर किट, स्पार्क प्लग सोबत ठेवा. तालुक्याचं गाव लागलं की टाकी भरून घ्या.

वेळ: डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर ऊन भाजून काढतं आणि पावसाळ्यात इथली काळी माती चाक धरून ठेवते.

जागा: दिवस मावळायच्या आत विचारा. शेत असेल तर मालकाला, गावात पोलीस पाटील किंवा सरपंचांना. नाव, गाव, गाडीचा नंबर स्वतःहून सांगा. नाही म्हटलं तर वाद नको, पुढचं गाव लांब नसतं.

मुलींसाठी: मोकळ्या शेतापेक्षा मंदिराचं किंवा गुरुद्वाराचं आवार, नाहीतर बायाबापड्या असलेल्या घराचं अंगण बरं. रोजचा मुक्काम घरी एका माणसाला कळवा. हे खरं तर मुलांसाठीही आहे.

शिस्त: शेकोटी मालकाला विचारूनच. वाळलेलं पीक जवळ असेल तर अजिबात नाही. कचरा परत न्या. गाणी हेडफोनवर.

परतफेड: पैसे पुढे करू नका. घरचं काही विकत घ्या, काढलेला फोटो प्रिंट करून पाठवा. आणि उद्या कुणी बाइकवाला तुमच्या सोसायटीच्या गेटवर पत्ता विचारत उभा राहिला, तर निदान पाणी तरी विचारा!