रंगांचें भय

चित्रपट संपला कीं 'गोष्ट काय होती?' हा पहिला प्रश्न विचारण्याची आपल्या सुशिक्षित घरांतून चाल आहे. ही चाल वाईट आहे असें नाहीं. परंतु तिच्यामुळें कित्येक चांगल्या चित्रपटांवर अन्याय होतो, असें आम्हांस वाटतें. दारिओ आर्जेंतो या इटालियन दिग्दर्शकाचा 'सुस्पिरिया' (१९७७) हा भयपट त्यांपैकींच एक होय.

आमचें बिऱ्हाड उलव्यास आहे. एका रात्रीं हा चित्रपट घरांत लावला, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं पंधरा मिनिटांत निकाल दिला: 'रंग फार, गोष्ट सुमार!' त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हे. एक अमेरिकन मुलगी नृत्य शिकण्यासाठीं जर्मनींतील विद्यालयांत येते आणि तेथील चालक मंडळी चेटकिणी निघतात, एवढीच कथा. शिवाय आरंभींचा खून इतका क्रूर आहे कीं, धाकट्या मुलांस आम्हीं आधींच झोपीं धाडलें होतें, आणि तें योग्यच झालें.

तथापि पहिलेंच दृश्य पाहावें. मुलगी रात्रीं विमानतळावर उतरते. कांचेचें दार उघडतें तेव्हां गॉब्लिन या वाद्यवृंदाचें संगीत ऐकूं येतें. दार मिटलें कीं तें थांबतें. आंत रोजचें जग, बाहेर वादळ, मध्यें एक दार. चेटकिणीचा पत्ता नसतां भय उभें राहतें. आमच्या उलव्याची टेकडी विमानतळासाठीं कापली गेली, आणि २०२५ सालीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. रात्रीं दिसणाऱ्या त्याच्या दिव्यांकडे आम्ही हल्लीं थोड्या निराळ्या नजरेनें पाहतों.

रंगांची हकीकत याहून नवलाची आहे. छायालेखक लुचानो तोवोली यांनीं प्रखर दिव्यांपुढें रंगीत कापडें धरून नटींच्या तोंडावर लाल, निळा, हिरवा उजेड पाडला. डिस्नेचा १९३७ चा 'स्नो व्हाइट' त्यांच्या नजरेपुढें होता. म्हणजे परीकथेचे रंग घेऊन त्यांनीं दुःस्वप्न रंगविलें. मूळ कल्पनेंत विद्यार्थिनी अगदीं लहान मुली होत्या. पुढें तरुण नटी घेतल्या, तेव्हां दारांच्या मुठी उंचावर बसविल्या. त्यांपुढें त्या आपोआप लहान आणि असहाय दिसूं लागल्या.

ज्यांस हा सारा नटवेपणा वाटतो, त्यांनीं शेवटाकडे लक्ष द्यावें. मेलेल्या मुलीचे अर्धवट ऐकलेले शब्द नायिकेस आठवतात; पण त्यांचा अर्थ लागतो तो भिंतीवर रंगविलेल्या फुलांकडे पाहिल्यावर. त्यांतील निळें फूल हीच गुप्त दाराची किल्ली. आमच्या घरीं तें फूल सर्वांआधीं थोरल्या मुलीनें ओळखलें. मोठी मंडळी तोंवर गोष्टींतील उणीवांवर बोलत होती.

हें परदेशचें कौतुक म्हणून कोणी सोडून देऊं नये. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) भाषेनें हिंदी, पण मातीनें कोंकणी आहे. त्यामागें नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा आहे. इटलींतच, व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटानें झाला. लोभ वाईट, ही त्याची शिकवण कोणतीही आजी सांगेल. परंतु पंकज कुमार यांच्या छायालेखनांतील तो अखंड पाऊस, कुजलेला वाडा, कंदिलाचा पिवळा उजेड, आणि या सर्व करड्या ओलाव्यानंतर एकाएकीं उघडणारें देवीचें लालबुंद उदर पाहिलें, कीं लोभाची ओल आपल्याच अंगास लागल्यासारखी वाटते. पहिल्या वेळीं त्यास गर्दी बेताचीच झाली. २०२४ सालीं तो पुन्हां लागला, तेव्हां त्यानें पहिल्याहून अधिक कमाई केली. म्हणजे आपल्या प्रेक्षकांची नजरही तयार होत आहे.

मुलांस आपण अक्षरें वाचावयास शिकवितों. उजेड, सावली आणि भिंत वाचावयास मात्र शिकवीत नाहीं. सुंदर भिंतीआड काय चाललें आहे हें ओळखणें पुढील आयुष्यांत कमी उपयोगाचें नाहीं. तेव्हां यापुढें चित्रपट संपल्यावर 'गोष्ट काय होती?' हें अवश्य विचारावें. पण त्याआधीं 'काय पाहिलेंस?' असें विचारावें. आमच्या घरीं आतां तसें विचारलें जातें, आणि उत्तर बहुधा थोरल्या मुलीकडून येतें.